ऑफिसच्या आयपी फोनसाठी प्रोव्हिजनिंग सर्व्हर: पहिल्यांदाच उभा करणाऱ्यांसाठी

आमच्या चाकणच्या कारखान्यातला जुना ईपीएबीएक्स काढून आयपी फोन बसवायचं ठरलं, तेव्हा ८६ फोनांची खोकी स्टोअरमध्ये येऊन पडली. पहिले अकरा फोन मी हाताने सेट केले. प्रत्येक फोनची वेब स्क्रीन उघडायची, एक्स्टेंशन (फोनचा अंतर्गत नंबर), पासवर्ड, पीबीएक्सचा (कॉल जोडणाऱ्या एक्स्चेंजचा) पत्ता, टाइम झोन भरायचं, सेव्ह करायचं, रीस्टार्टची वाट बघायची आणि पुढचं खोकं उघडायचं. एकेका फोनला वीस मिनिटं जात होती. बारावा हातात घेतला तेव्हा निरोप आला की पीबीएक्सचा पत्ता बदलणार आहे. म्हणजे झालेले अकराही पुन्हा करायचे.

त्या दिवशी काम थांबवलं आणि प्रोव्हिजनिंग सर्व्हर, म्हणजे सगळ्या फोनांना त्यांची सेटिंग आपोआप देणारा सर्व्हर, शिकायला बसलो. माहिती भरपूर होती, पण तुकड्यातुकड्यांत. प्रत्येक कंपनीचं मॅन्युअल फक्त स्वतःच्या फोनबद्दल बोलतं आणि सगळ्यांत समान काय आहे ते कोणी सांगत नाही. मला तेव्हा हवा होता तो क्रम इथे लिहितो आहे. फाईलींची नावं, पत्ते, आकडे वाचायला सोपे जावेत म्हणून देवनागरीत दिले आहेत. प्रत्यक्ष सेटिंगमध्ये ते इंग्रजीतच टाइप करायचे.

आधी फोनच्या बाजूने विचार करा

नवा फोन वायरला जोडला की तो एकामागून एक चार गोष्टी विचारतो. माझा आयपी पत्ता कोणता? माझी सेटिंगची फाईल कुठे मिळेल? ती फाईल द्याल का? आणि शेवटी, मला या एक्स्टेंशनवर रजिस्टर करून घ्याल का?

पहिल्या दोन प्रश्नांना डीएचसीपी (नेटवर्कवरच्या यंत्रांना पत्ते वाटणारी सेवा) उत्तर देतो, चौथ्याला पीबीएक्स. प्रोव्हिजनिंग सर्व्हरचं काम फक्त तिसऱ्या प्रश्नाचं. साध्या मजकुराच्या फाईली एका फोल्डरमध्ये ठेवून मागेल त्याला देणारा तो वेब सर्व्हर असतो. त्यातून कॉल जात नाहीत. तो बंद पडला तरी फोन आधी घेतलेल्या सेटिंगवर चालत राहतात. त्यामुळे याला महागडं मशीन लागत नाही आणि दुरुस्तीसाठी तो तासभर बंद ठेवायलाही हरकत नसते.

पुढे काहीही अडलं की स्वतःला एकच विचारा: फोन या चारपैकी कोणत्या प्रश्नावर थांबला आहे? मी सर्व्हरच्या सेटिंगमध्ये दोन दिवस चुका शोधत होतो आणि फोन दुसऱ्या प्रश्नावरच थांबलेला होता. सर्व्हरपर्यंत तो पोचलाच नव्हता.

सुरुवात करण्याआधी हाताशी काय हवं

- सगळ्या फोनांची यादी: मॉडेल, मॅक पत्ता, कुठे बसणार, कोणाचा
- पीबीएक्सवर तयार केलेली एक्स्टेंशन आणि त्यांचे पासवर्ड
- तुमच्या मॉडेलचं अ‍ॅडमिनिस्ट्रेटर गाइड. खोक्यातली चार पानांची पुस्तिका पुरत नाही
- स्विच आणि डीएचसीपी देणाऱ्या राउटरचा अ‍ॅडमिन पासवर्ड. नेटवर्क दुसऱ्या कोणाकडे असेल तर त्यांची लेखी परवानगी आणि दोन तासांचा वेळ
- सर्व्हरसाठी एक व्हर्च्युअल मशीन किंवा जुना डेस्कटॉप. एक जीबी रॅम आणि डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) पुरेसं आहे
- वायरशार्क (नेटवर्कवरची देवाणघेवाण दाखवणारा प्रोग्रॅम) टाकलेला लॅपटॉप
- दोन जास्तीचे फोन, प्रयोगासाठी

तुमचा पीबीएक्स फ्यूजनपीबीएक्स असेल तर प्रोव्हिजनिंग त्यातच आहे. फ्रीपीबीएक्समध्ये एंडपॉइंट मॅनेजर हा पैसे भरून घ्यायचा भाग आहे. तो घेतलात तर खालचं पाचवं पाऊल बरंचसं आपोआप होईल, बाकीची पावलं मात्र चुकत नाहीत.

सेकंडहँड बाजारात सिस्कोचे जुने फोन फार स्वस्तात मिळतात. ते घेण्याआधी नीट चौकशी करा. त्यातले बरेच सिस्कोच्या स्वतःच्या कॉल मॅनेजर या पीबीएक्ससाठीच्या फर्मवेअरवर (फोनच्या आतल्या सॉफ्टवेअरवर) चालतात आणि दुसऱ्या पीबीएक्सशी जुळवताना जीव मेटाकुटीला येतो. ‘मल्टिप्लॅटफॉर्म’ फर्मवेअरचे सिस्को फोन वेगळे, ते एसआयपी (आयपी फोनांची सामाईक भाषा) वापरणाऱ्या इतर पीबीएक्सवर चालतात.

१. मॅक पत्त्यांची यादी करा, आणि एक्सेलपासून सांभाळा

प्रत्येक फोनला बारा अक्षर-आकड्यांचा मॅक पत्ता असतो. तो खोक्यावर आणि फोनच्या पाठीवर बारकोडसह छापलेला असतो. सर्व्हर फोनला ओळखतो तो याच पत्त्यावरून, म्हणून ही यादी चुकली की पुढचं सगळं चुकतं. हाताने टाइप करू नका. यूएसबीचा साधा बारकोड स्कॅनर स्टोअरमधून तासभर मागून आणा आणि खोकी एकेक करून स्कॅन करा.

आता सापळा. एक्सेलमध्ये तो कॉलम आधी ‘टेक्स्ट’ करून ठेवला नाही, तर फक्त आकडे असलेल्या मॅक पत्त्याची सुरुवातीची शून्यं गायब होतात. पत्त्यात एकच अक्षर असेल आणि ते ‘ई’ असेल, तर एक्सेल त्याला दहाचा घात समजून भलताच आकडा करून ठेवू शकतं. ८६ पैकी दोनच पत्ते असे बिघडले, तर ते दोन फोन का चालत नाहीत हे शोधण्यात अख्खा दिवस जातो. यादी पूर्ण झाली की प्रत्येक पत्ता बरोबर बारा अक्षरांचा आहे का, हे मोजणारा एक कॉलम जोडून खात्री करा.

एक्स्टेंशनचे पासवर्ड या टप्प्यावरच लांब आणि यादृच्छिक करून घ्या. २०१ नंबरच्या एक्स्टेंशनचा पासवर्ड २०१ ठेवणं म्हणजे घराला कुलूप लावून किल्ली कडीला टांगणं आहे. प्रोव्हिजनिंगमुळे हे पासवर्ड कोणालाही हाताने टाइप करायचे नसतात, त्यामुळे ते सोपे ठेवण्याचं काही कारणच उरत नाही.

२. फोनांसाठी वेगळा व्हीलॅन

फोन आणि कॉम्प्युटर एकाच नेटवर्कवर चालतात, हे खरं आहे. तरीही वेगळा व्हीलॅन, म्हणजे त्याच वायरींवर फोनांपुरतं स्वतंत्र नेटवर्क, करा. एक कारण आवाजाच्या दर्जाचं आहे, दुसरं सुरक्षेचं, आणि तिसरं कोणी सांगत नाही: डीएचसीपीचा ऑप्शन ६६ (सर्व्हरचा पत्ता कळवणारा रकाना) कॉम्प्युटरही वापरतात. नेटवर्कवरून विंडोज टाकण्यासाठी पीएक्सई बूट वापरत असाल, तर त्याच ऑप्शनवर दोघांची मारामारी होते. वेगळ्या व्हीलॅनमध्ये हा प्रश्नच येत नाही.

फोनला कोणत्या व्हीलॅनमध्ये जायचं ते स्विच सांगू शकतो. त्यासाठी स्विचवर एलएलडीपी-मेड सुरू करा आणि व्हॉइस व्हीलॅनचा नंबर द्या. बहुतेक आयपी फोनांना ही भाषा समजते. मग भिंतीतल्या एकाच पोर्टवर फोन, आणि फोनच्या मागच्या पोर्टवर त्या टेबलाचा कॉम्प्युटर, असं जोडता येतं. दोघं आपापल्या व्हीलॅनमध्ये राहतात.

इथे एक धोका आहे. फोनला दोन पोर्ट असतात, एक नेटवर्कचा आणि एक पीसीचा. टेबल हलवताना कोणीतरी दोन्ही वायरी भिंतीत खोचतं आणि नेटवर्कमध्ये लूप तयार होतो, म्हणजे तोच डेटा गोल गोल फिरत राहतो. आमच्याकडे रंगकामानंतर असंच झालं आणि अख्खं डिस्पॅच ऑफिस पाऊण तास बंद पडलं. स्विचवर स्पॅनिंग ट्री आणि लूप प्रोटेक्शन सुरू आहे ना, हे फोन लावायच्या आधी तपासा.

वीज किती लागेल तेही इथेच मोजा. पीओईच्या (नेटवर्कच्या वायरीतूनच वीज देण्याच्या) ८०२.३एएफ मानकात स्विच एका पोर्टला जास्तीत जास्त १५.४ वॅट देतो. साधे डेस्क फोन इतकी वीज खात नाहीत. क्लास २ या वीज-वर्गाचा फोन असेल तर स्विचच्या बाजूला ७ वॅट धरायचे, म्हणजे २४ फोनांना १६८ वॅट. स्विचवर ‘पीओई’ लिहिलेलं असलं तरी त्याचं एकूण बजेट किती ते वेगळं बघावं लागतं; कमी बजेटच्या स्विचवर शेवटचे काही फोन चालूच होत नाहीत. स्विच यूपीएसवर असलाच पाहिजे. जुन्या ईपीएबीएक्सचे फोन वीज गेली तरी वाजत असत आणि लोकांना त्याची सवय आहे. नवे फोन स्विचबरोबर जातात.

३. सर्व्हर उभा करा

डेबियन टाका, त्यावर एन्जिनएक्स किंवा अपाची हा वेब सर्व्हर बसवा. मशीनला कायमचा आयपी पत्ता द्या, समजा १९२.१६८.२०.५. प्रोव्हिजनिंगच्या फाईलींसाठी एक वेगळं फोल्डर करा.

जुन्या लेखांमध्ये टीएफटीपी (फाईली पाठवण्याची जुनी, साधी पद्धत) वापरायला सांगितलेलं दिसेल. टीएफटीपीला पासवर्ड नाही, एन्क्रिप्शन नाही, आणि फायरवॉलमधून जाताना ते हमखास अडतं, कारण विनंती पोर्ट ६९ वर जाते आणि उत्तर दुसऱ्याच पोर्टवरून येतं. अगदी जुने फोन असतील तरच त्याच्या वाटेला जा. बाकी सगळ्यांसाठी एचटीटीपी, आणि सगळं जमलं की एचटीटीपीएस.

अपाचीबद्दल एक सूचना. डेबियनमधल्या अपाचीत वेब फोल्डरमधल्या फाईलींची यादी ब्राउझरमध्ये दाखवण्याची परवानगी मुळातच चालू असते. ती बंद करा. नाहीतर पत्ता टाकणाऱ्या कोणालाही तुमच्या सगळ्या फोनांच्या फाईली रांगेत मांडून मिळतील. एन्जिनएक्समध्ये ही यादी मुळात बंद असते.

फाईलींची परवानगी अशी ठेवा की वेब सर्व्हर त्या फक्त वाचू शकेल. पॉलीकॉमचे, म्हणजे आताच्या पॉलीचे फोन याला अपवाद आहेत. ते आपले लॉग आणि फोनवर बदललेली सेटिंग सर्व्हरवर परत लिहू पाहतात. ते हवं असेल तर त्यांच्यासाठी लिहिता येईल असं वेगळं फोल्डर द्या, सेटिंगच्या फाईलींचं नको.

४. फोनला सर्व्हरचा पत्ता कळवा

हे काम डीएचसीपीचं, ऑप्शन ६६ मधून. सिस्कोचे फोन ऑप्शन १५० बघतात, पॉलीकॉमचे १६०. यीलिंक आणि ग्रँडस्ट्रीम ६६ वर समाधानी असतात.

ऑप्शनमध्ये नुसता आयपी पत्ता लिहू नका. नुसता पत्ता दिला की बरेच फोन तो टीएफटीपीचा समजतात आणि तिथे काही न मिळाल्याने गप्प बसतात. सुरुवातीच्या ‘एचटीटीपी कोलन दोन तिरक्या रेघा’ यासकट आणि फोल्डरच्या नावासकट पूर्ण पत्ता लिहा.

राउटर मायक्रोटिकचा असेल तर हा मजकूर एकेरी अवतरणचिन्हांत द्यावा लागतो, नाहीतर तो स्वीकारला जात नाही. डीएचसीपी लिनक्सवर असेल तर लहान ऑफिसला डीएनएसमास्क पुरतो, एका ओळीत काम होतं. कोणी जुना आयएससी डीएचसीपी सुचवला तर नव्या कामासाठी तो घेऊ नका. त्याची देखभाल २०२२ मध्ये थांबली आहे, आणि त्याच संस्थेचा कीया त्याच्या जागी आहे.

त्याच ठिकाणी ऑप्शन ४२ मधून वेळेच्या सर्व्हरचा पत्ताही देऊन टाका. फोनचं घड्याळ बरोबर असणं पुढे एचटीटीपीएससाठी अत्यावश्यक आहे. ऑप्शन २ मधला वेळेचा फरक सेकंदांत असतो आणि भारतासाठी तो १९८०० आहे. इथे साडेपाच लिहिलं तर घड्याळ चुकतं.

डीएचसीपीत बदल केला की फोनला तो लगेच कळत नाही. फोन बंद करून चालू करा. स्विचवरून त्या पोर्टची पीओई बंद-चालू केली तर जागेवरून उठावंही लागत नाही.

आणखी एक: कारखान्यातून आलेला कोरा फोन निर्मात्याच्या इंटरनेटवरच्या सेवेकडेही विचारणा करतो. यीलिंकची आरपीएस, पॉलीकॉमची झेडटीपी ही त्यातली. तुमचा फोन आधी दुसऱ्या कोणाच्या नावावर तिथे नोंदवलेला असेल, तर तो तुमचा सर्व्हर सोडून तिकडे जातो. वापरलेले फोन घेतले असतील तर हे हमखास तपासा. विकणाऱ्याकडून ती नोंद काढून घ्यावी लागते.

५. फाईली लिहा

प्रत्येक कंपनीची फाईलचं नाव ठेवण्याची पद्धत वेगळी आहे.

यीलिंक: फोनचा मॅक पत्ता, मधले कोलन काढून, सगळी अक्षरं स्मॉल, शेवटी डॉट सीएफजी. याशिवाय मॉडेलप्रमाणे एक सामाईक फाईल असते, आणि नव्या फर्मवेअरमध्ये डॉट बूट नावाची फाईल, जिच्यात कोणत्या फाईली कोणत्या क्रमाने वाचायच्या ते लिहिता येतं.

ग्रँडस्ट्रीम: ‘सीएफजी’ ही तीन अक्षरं, लगेच मॅक पत्ता स्मॉलमध्ये, शेवटी डॉट एक्सएमएल.

पॉलीकॉम: मॅक पत्ता आणि डॉट सीएफजी, ती नसेल तर बारा शून्यं आणि डॉट सीएफजी.

सिस्कोचे कॉल मॅनेजरवाले फोन: ‘एसईपी’, मग मॅक पत्ता कॅपिटलमध्ये, मग डॉट सीएनएफ डॉट एक्सएमएल.

स्मॉल-कॅपिटलवर मी मुद्दाम भर देतो आहे. लिनक्सला ही दोन वेगळी नावं वाटतात. विंडोजवर फाईली तयार करून पाहिल्या, चालल्या, आणि लिनक्स सर्व्हरवर टाकल्यावर मिळेनाशा झाल्या, तर पहिला संशय इथेच घ्या.

फाईलीत काय लिहायचं याचे दोन भाग करा. सगळ्यांना सारखं असलेलं: पीबीएक्सचा पत्ता, टाइम झोन, वेळेचा सर्व्हर, अ‍ॅडमिन पासवर्ड, भाषा. आणि ज्याचं त्याचं: एक्स्टेंशन, पासवर्ड, स्क्रीनवरचं नाव. सामाईक भाग सामाईक फाईलीतच राहू द्या. पीबीएक्सचा पत्ता बदलला तर एक ओळ बदलायची, ८६ नाहीत. आपण हे सगळं करतो आहोत ते याचसाठी.

ज्याच्या-त्याच्या फाईली हाताने लिहू नका. पहिल्या पावलातली यादी सीएसव्ही म्हणून सेव्ह करा आणि पायथनच्या लहानशा स्क्रिप्टने प्रत्येक ओळीमागे एक फाईल तयार करा. पायथन येत नसेल तर ऑफिसमधल्या कोणा जाणकाराकडून तासाभरात लिहून घेता येते. ही स्क्रिप्ट पुढची कित्येक वर्षं वापरात राहते.

मला वेळ खायला लावलेल्या काही बारीक गोष्टी:

यीलिंकच्या सीएफजी फाईलची पहिली ओळ ठरलेली असते: हॅश, उद्गारचिन्ह, ‘व्हर्जन’, कोलन आणि १.०.०.१. ती नसेल किंवा बदललेली असेल, तर फोन फाईल घेतो पण वाचत नाही. सर्व्हरच्या लॉगमध्ये सगळं ठीक दिसतं, फोनवर काहीच बदलत नाही. विंडोजच्या नोटपॅडमध्ये फाईल सेव्ह करताना ‘बीओएम’ असलेला पर्याय निवडू नका. त्याने पहिल्या ओळीच्या आधी न दिसणारी अक्षरं घुसतात.

ग्रँडस्ट्रीमच्या एक्सएमएल फाईलीत सेटिंगला नावं नसतात, ‘पी’ आणि नंबर असतो. पहिल्या अकाउंटसाठी पी४७ म्हणजे एसआयपी सर्व्हर, पी३५ म्हणजे यूजर आयडी, पी३६ म्हणजे ऑथेंटिकेशन आयडी, पी३४ म्हणजे पासवर्ड, पी३ म्हणजे नाव. आपल्याकडे विभागांची नावं ‘परचेस & स्टोअर्स’ अशी असतात. एक्सएमएलमध्ये ते & चिन्ह तसंच टाकलं की पूर्ण फाईल अवैध होते. ‘अँड’ असा शब्द लिहा आणि मोकळे व्हा.

नावं देवनागरीत हवीत असं आमच्या लोकांना मनापासून वाटत होतं, मलाही. पण डेस्क फोनच्या स्क्रीनला देवनागरी दाखवता येईलच असं नाही. काना-मात्रांच्या जागी चौकोन दिसू शकतात. एका फोनवर बघून मगच ठरवा.

६. एकच फोन लावा आणि लॉग उघडून बसा

सगळे फोन एकदम लावू नका. एक फोन घ्या, फॅक्टरी रीसेट करा (यीलिंकमध्ये ओके बटण दहाएक सेकंद दाबून धरायचं), आणि सर्व्हरवर वेब सर्व्हरचा अ‍ॅक्सेस लॉग (कोणी कोणती फाईल मागितली त्याची नोंद) सतत दिसत राहील असा उघडून ठेवा. आता फोन जोडा.

या कामात लॉगइतकं खरं बोलणारं दुसरं काही नाही. लॉग वाचायचा तो असा (४०४, २०० वगैरे हे वेब सर्व्हरने दिलेल्या उत्तराचे क्रमांक, २०० म्हणजे फाईल दिली):

एकही ओळ आली नाही: फोन सर्व्हरपर्यंत पोचलाच नाही. व्हीलॅन, डीएचसीपीचा ऑप्शन किंवा फायरवॉल. फोनच्या मेनूमध्ये त्याला कोणता आयपी मिळाला ते बघा. तो फोनांच्या व्हीलॅनमधला नसेल तर दोष स्विचकडे. असेल तर वायरशार्कमध्ये डीएचसीपीचं उत्तर उघडून ऑप्शन ६६ खरोखर जातो आहे का ते पाहा.

४०४: फोनने मागितलेली फाईल तिथे नाही. घाबरून जाऊ नका, फोन अनेक नावं विचारून पाहतो आणि त्यातली बरीचशी नसणंच अपेक्षित असतं. पण त्याच्या मॅक पत्त्याच्या सेटिंग फाईलपुढे ४०४ असेल, तर लॉगमधलं नाव आणि तुमच्या फाईलचं नाव अक्षर-अक्षर जुळवा. फोनला नेमकं कोणतं नाव हवं हे मॅन्युअलपेक्षा लॉग जास्त खात्रीने सांगतो.

४०३: फाईल आहे, पण वेब सर्व्हरला ती वाचायची परवानगी नाही.

४०१: पासवर्ड मागितला गेला. पासवर्ड लावलेला असेल तर पहिल्यांदा ४०१ आणि लगेच २०० हे ठीक. नुसतेच ४०१ येत राहिले तर फोनकडचा पासवर्ड चुकीचा आहे.

२००, आणि तरी फोन तसाच: फाईल पोचली, पण फोनला ती पटली नाही. पहिली ओळ, बीओएम, & चिन्ह, आणि फाईल दुसऱ्याच मॉडेलची तर नाही ना, हे बघा.

२००, सेटिंग दिसतंय, पण रजिस्टर होत नाही: प्रोव्हिजनिंगचं काम संपलं. आता चौथा प्रश्न; पीबीएक्सचा लॉग उघडा.

यीलिंकसारखे फोन लॉगमध्ये आपलं मॉडेल, फर्मवेअर आणि मॅक पत्ताही लिहून जातात. कोणत्या टेबलावर जुनं फर्मवेअर राहिलं, हे शोधायला मी आजही तो लॉगच चाळतो.

पहिला फोन नीट चालला की दोन्ही बाजूंनी कॉल करून बघा, बाहेरचा कॉल लावा, आणि फोनच्या डायल प्लॅनमधून (कोणते आकडे कसे लावायचे याच्या नियमांतून) ११२ आणि १०८ हे आकडे अडकणार नाहीत याची खात्री करा. बाहेरच्या लाइनसाठी आधी शून्य दाबायची सवय असलेल्या ऑफिसात, शून्याशिवायही ११२ गेला पाहिजे. चाचणीसाठी तिथे उगाच फोन लावू नका. नियम पीबीएक्समध्ये वाचून तपासा. त्यानंतर पाच फोन, मग एक विभाग, मग बाकीचे.

७. ही फाईल म्हणजे पासवर्ड आहे

हा भाग कृपया घाईत सोडून देऊ नका. प्रत्येक सेटिंग फाईलीत त्या एक्स्टेंशनचा पासवर्ड उघडा लिहिलेला असतो. तो ज्याला मिळाला तो तुमच्या नावाने कॉल करू शकतो. अशा चोऱ्या बहुधा रात्री किंवा सुट्टीत होतात, महागड्या परदेशी नंबरांवर कॉल जातात, आणि सोमवारी सकाळी बिल तुमच्या माथी असतं.

‘मॅक पत्ता कोणाला कळणार?’ असं वाटतं. पण मॅक पत्त्याची पहिली सहा अक्षरं निर्मात्याची असतात आणि ती जाहीर आहेत. उरतात सहा, म्हणजे १,६७,७७,२१६ शक्यता. माणसाला हा आकडा मोठा, प्रोग्रॅमला किरकोळ. शिवाय एका लॉटमधल्या फोनांचे पत्ते बरेचदा लागोपाठचे असतात. एक सापडला की शेजारचे सापडतात.

म्हणून सर्व्हर इंटरनेटवर उघडा ठेवू नका. वेब सर्व्हरच्या सेटिंगमध्ये फक्त फोनांच्या व्हीलॅनला आणि तुमच्या एका कॉम्प्युटरला परवानगी द्या. घरून काम करणाऱ्यांचे फोन व्हीपीएनमधून आणा. यीलिंकच्या अनेक मॉडेलमध्ये ओपनव्हीपीएन आतच असतं. अगदीच बाहेर उघडायची वेळ आली तर फोनमध्ये कारखान्यातूनच बसवलेलं प्रमाणपत्र सर्व्हरने तपासावं अशी व्यवस्था करा. नुसत्या यूजरनेम-पासवर्डवर भिस्त ठेवू नका.

एचटीटीपीएसवर जाताना दोन अडचणी येतात. फोन सर्व्हरची ओळख पटवणारी प्रमाणपत्रं ओळखीच्याच संस्थांची मानतो, आणि जुन्या फोनांकडची यादी जुनी असते. लेट्स एन्क्रिप्ट या फुकट प्रमाणपत्र देणाऱ्या सेवेची प्रमाणपत्रं ज्या जुन्या मूळ प्रमाणपत्राच्या आधाराने चालत, ते ३० सप्टेंबर २०२१ रोजी संपलं. फर्मवेअर अपडेट न केलेले जुने फोन त्यामुळे आजही अशा सर्व्हरला नकार देऊ शकतात. दुसरी अडचण घड्याळाची: फोनची तारीख चुकीची असेल तर चांगलं प्रमाणपत्रही त्याला अवैध वाटतं.

मी हे दोन टप्प्यांत केलं. पहिल्यांदा बंद व्हीलॅनमध्ये साध्या एचटीटीपीवरून फोनला नवं फर्मवेअर, वेळ आणि आमचं स्वतःचं मूळ प्रमाणपत्र दिलं. त्याच फाईलीत पुढच्या वेळेसाठी एचटीटीपीएसचा पत्ता होता. सगळे फोन तिकडे वळले की ऑप्शन ६६ सुद्धा बदलला आणि एचटीटीपी बंद केलं.

फोनचा मूळ अ‍ॅडमिन पासवर्ड सामाईक फाईलीतून बदला. आणि आयएसडी लागत नसेल तर सेवा देणाऱ्या कंपनीला लेखी कळवून बंदच करून घ्या.

८. नंतरचे बदल

एखादी सेटिंग बदलली की सगळ्या फोनांना ‘फाईल पुन्हा वाचा’ असं सांगता येतं. पीबीएक्स फोनला एसआयपी नोटिफाय पाठवतो, त्यात ‘चेक-सिंक’ ही सूचना असते. बरेच पीबीएक्स आतून ज्यावर चालतात त्या अ‍ॅस्टरिस्कमध्ये ती पीजेसिप या एसआयपी हाताळणाऱ्या भागातून एका आज्ञेने जाते. जुन्या लेखांतली चॅनसिप या आधीच्या भागाची आज्ञा नव्या अ‍ॅस्टरिस्कमध्ये चालणार नाही. आवृत्ती २१ पासून चॅनसिप काढून टाकलं आहे.

सूचना पाठवण्याआधी विचार करा: लोकांनी आपल्या फोनवर स्वतः घातलेले स्पीड डायल राहतील की पुसले जातील? आमच्या अकाउंट्समधल्या ताईंनी बँका आणि ट्रान्सपोर्टवाल्यांचे वीसेक नंबर स्वतः भरले होते. माझ्या एका बदलाने ते सगळे गेले. त्यांनी एका शब्दाने तक्रार केली नाही, पण तो दिवस मी विसरलेलो नाही. यीलिंकमध्ये वापरणाऱ्याची सेटिंग राखून ठेवण्याचा स्वतंत्र पर्याय आहे, तो मुळात बंद असू शकतो. पहिल्याच दिवशी चालू करा.

फर्मवेअर नेहमी एका फोनवर आधी, मग दोन दिवस थांबून बाकीच्यांवर, आणि तेही टप्प्याटप्प्याने. अपडेट चालू असताना वीज गेली तर फोन निकामी होऊ शकतो, म्हणून महावितरणची ठरलेली बंदी असते त्या दिवशी हे काम काढू नका.

आणि फोन बिघडला तर? जास्तीच्या दोन फोनांपैकी एक घ्या, यादीत जुन्या मॅक पत्त्याच्या जागी नवा स्कॅन करा, स्क्रिप्ट चालवा, जुन्या पत्त्याची फाईल सर्व्हरवरून काढून टाका, आणि फोन गेटवरच्या वॉचमनकाकांच्या हाती द्या. जुनी वायर काढून नव्यात लावायची, इतकंच त्यांना सांगायचं. तीन-चार मिनिटांत तो फोन त्यांच्याच नंबरवर वाजतो.